हजारात किती कमी? एका स्तंभालेखाची महिनाभराची गोष्ट

मी आमच्या तालुक्याच्या गावातल्या 'ब' वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे. जिल्हा सातारा. दहावीला गणितात काठावर पास झाले, त्यानंतर त्या विषयाला आणि मला एकमेकांची गरज पडली नाही. तरी गेल्या महिन्यात एका तक्त्यावरून एक स्तंभालेख केला आणि तो आत्ता वाचनालयाच्या जिन्याजवळ टांगलेला आहे. काम सांगताना सगळ्यांना दोन तासांचं वाटलं होतं. त्याला तेहेतीस दिवस लागले. माझ्यासारखं कुणी असल्या कामात अडकलं असेल तर त्याला धीर यावा म्हणून लिहिते आहे.

रविवार, १ डिसेंबर २०२४. कार्यकारिणीची बैठक. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती. नायगाव आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे दरवर्षी काहीतरी होतंच: प्रतिमापूजन, एखादं व्याख्यान, शाळेच्या मुलींचं गाणं. या वेळी अध्यक्ष सर म्हणाले, "मुलींचं प्रमाण किती घटलंय ते एकदा लोकांना दिसू दे. आकडे कुणी वाचत नाही. ताई, तुम्ही आलेख करा." ठराव झाला, खर्चाला तीनशे रुपये मंजूर झाले आणि इतिवृत्त मीच लिहीत असल्यामुळे माझं नाव मीच माझ्या हाताने त्यात घातलं.

मला वाटलं, आलेख काढणं हेच अवघड असणार. तक्ता काय, तो तर मिळतोच. हीच पहिली चूक.

पहिला आठवडा चुकीचा तक्ता घेऊन बसण्यात गेला. आमच्या संदर्भ विभागात २०११च्या जनगणनेवरचं एक जाडजूड संकलन आहे. त्यात 'लिंग गुणोत्तर' असा रकाना होता, तो मी जिल्ह्यांसह वहीत उतरवला. सातारा ९८८. रत्नागिरी ११२२! मी चकितच झाले. दर हजार पुरुषांमागे अकराशे बावीस स्त्रिया, मग रडतोय कशाला? दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या एका निवृत्त तलाठी काकांना वही दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "अहो, कोकणातले पुरुष मुंबईला कामाला. गावात मोजायला राहिल्या बायका. आपल्या जिल्ह्याचंही थोडं तसंच. तुम्हाला पोरींचं प्रमाण पायजे, शून्य ते सहा वयाचं."

म्हणजे दोन वेगळी प्रमाणं. एक सगळ्या वयांचं. त्यात नोकरीसाठी गेलेले-आलेले, जास्त जगलेल्या म्हाताऱ्या, सगळं मिसळलेलं असतं. दुसरं बालकांचं, म्हणजे शून्य ते सहा वर्षांचं. जन्माआधी आणि जन्मानंतर लगेच मुलींचं काय होतं ते दुसऱ्यात दिसतं. नावं जवळजवळ सारखी, म्हणून फसायला होतं. तक्ता हातात आला की आधी वरची बारीक अक्षरातली ओळ वाचायची, हे तेव्हापासून पाठ झालं.

बरोबर रकाना सापडल्यावर दुसरं कोडं. महाराष्ट्राचा २०११चा आकडा एका जुन्या कात्रणात ८८३ होता आणि जनगणनेच्या अंतिम तक्त्यात ८९४. बीडचाही तसाच, एकीकडे ८०१, दुसरीकडे ८०७. मी दोन दिवस समजत होते की उतरवून घेताना माझीच चूक झाली. मग लक्षात आलं की जनगणना झाल्यावर लगेच जे जाहीर होतात ते तात्पुरते आकडे आणि सगळी मोजणी, तपासणी होऊन नंतर येतात ते अंतिम. वर्तमानपत्रांच्या कात्रणांत २०११ सालचे तात्पुरते आकडे आहेत आणि लोक तेच अजून वापरतात. गंमत म्हणजे ८८३ हा आकडा अंतिम तक्त्यातही आहे, पण तो पुणे जिल्ह्याचा. एकाच कागदावर दोन्ही आले असते तर माझा गोंधळ कुणाला सुटला नसता.

मी सगळे आकडे अंतिमच घेतले आणि वहीच्या पानावर लाल पेनने तसं लिहून ठेवलं. जनगणनेच्या प्राथमिक गोषवाऱ्यात (नाव प्राथमिक, आकडे अंतिमच) प्रमाण आयतं मिळत नाही, तिथे शून्य ते सहा वयाच्या मुलग्यांची आणि मुलींची संख्या असते. मुली भागिले मुलगे, गुणिले हजार. मी पाच-सहा जिल्हे स्वतः भागून पाहिले आणि उत्तर जुळलं तेव्हा जे समाधान झालं ते दहावीतसुद्धा कधी झालं नव्हतं.

तक्त्यात पस्तीसच जिल्हे होते. पालघर शोधून शोधून दमले. तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला झाला, म्हणजे २०११मध्ये तो ठाण्यातच. नावंही तेव्हाची: अहमदनगर, औरंगाबाद, उस्मानाबाद. मी तक्त्याच्या खाली एक टीप लिहिली. ती टीप पुढे एकानेही वाचली नाही, पण "पालघर कुठाय?" असं विचारणारे तिघे भेटले, तेव्हा बोट दाखवायला उपयोगी पडली.

शनिवारी, १४ डिसेंबरला, भाचा पुण्याहून आला. त्याच्या लॅपटॉपवर बसलो. "मावशी, दहा मिनिटांचं काम आहे," म्हणाला. मी वहीतून वाचायचे, तो टाइप करायचा, मग कंटाळून मीच टाइप करायला लागले. मला मराठी कळफलकाची सवय, त्यामुळे आकडेही मराठीच पडले. सगळा तक्ता भरला, आलेखाचं बटण दाबलं, तर पांढऱ्या चौकटीत खाली जिल्ह्यांची नावं आणि वर काहीच नाही. एकही स्तंभ नाही. पाऊणएक तास आम्ही बटणं दाबत बसलो. शेवटी त्याच्या ध्यानात आलं की चौकटींमधले आकडे डाव्या बाजूला चिकटलेत. त्या प्रोग्रामात संख्या उजवीकडे जाऊन बसते आणि अक्षरं डावीकडे. माझे मराठी आकडे त्याने अक्षरं म्हणून घेतले होते. सगळे पुन्हा इंग्रजी आकड्यांत टाइप केले. आलेख तयार झाल्यावर त्यावरचे आकडे मराठीत करता येतात, पण आत भरताना नाही. तुमच्या लॅपटॉपवर वेगळं होत असेल तर उत्तमच, पण स्तंभ उठले नाहीत तर आधी आकडा कुठल्या भिंतीला टेकलाय ते बघा.

आता स्तंभ उठले, पण दोन स्तंभ छताला लागले आणि बाकीचे गवतासारखे. मी सवयीने शेवटी 'एकूण' अशी ओळ घातली होती आणि प्रोग्रामाने इमानदारीत पस्तीस जिल्ह्यांची प्रमाणं एकत्र मिळवून तीस हजारांच्या घरातला आकडा काढला होता. हिशोबाच्या वहीत बेरीज लागतेच, हात तसाच वळला. पण प्रमाणांची बेरीज म्हणजे पाच गावांच्या तापमानाची बेरीज. तिला काही अर्थच नाही. आणि पस्तीस जिल्ह्यांची सरासरी काढली तरी तो महाराष्ट्राचा आकडा नसतो, कारण ठाणे आणि गडचिरोली यांचं वजन सारखं नाही. राज्याचं ८९४ हे राज्यभरच्या मुली आणि राज्यभरचे मुलगे यांच्यावरूनच निघतं. ती ओळ पुसली.

तरी एक चमत्कारिक जोडी उरलीच: २००१ आणि २०११ एवढ्या उंचीचे दोन स्तंभ, नाव 'जिल्हा'. रकान्यांच्या डोक्यावर लिहिलेली सालंच प्रोग्रामाने आकडे समजून काढली होती! 'सन २००१' असं अक्षरांसकट लिहिल्यावर ती गेली. दहा मिनिटांच्या कामाला संध्याकाळचे सात वाजले होते आणि भाच्याला सकाळी लवकर निघायचं होतं. जाताना प्रोग्राम माझ्या वाचनालयातल्या संगणकावर कसा उघडायचा ते कागदावर लिहून देऊन गेला.

पस्तीस जिल्ह्यांचे सत्तर स्तंभ म्हणजे आलेख राहत नाही, कंगवा होतो. नावं तिरकी होऊन एकमेकांवर चढतात. इतके जिल्हे दाखवायचेच असतील तर स्तंभ आडवे घ्यावेत, म्हणजे नावं डावीकडे सरळ वाचता येतात. यावरून एक आठवलं. स्तंभालेखाचा आरंभ ज्याच्याकडून धरतात त्या विल्यम प्लेफेअरनेही १७८६मध्ये आडवेच स्तंभ काढले होते. स्कॉटलंडची आयात-निर्यात, सतरा ठिकाणांशी, प्रत्येकाला दोन-दोन पट्ट्या. बाकी देशांच्या व्यापाराच्या त्याने वर्षानुवर्षांच्या रेघा काढल्या, पण स्कॉटलंडची एकाच वर्षाची आकडेवारी हाताशी होती, रेघ कशी ओढणार? म्हणून नाइलाजाने पट्ट्या. त्याला स्वतःला तो प्रकार फारसा आवडला नव्हता म्हणतात. मला तो माणूस एकदम जवळचा वाटला.

मी पाच जिल्हे ठेवले. सातारा आपला म्हणून. सांगली आणि कोल्हापूर शेजारी म्हणून. बीड राज्यात सगळ्यात खाली आणि गडचिरोली सगळ्यात वर म्हणून. आकडे असे: साताऱ्यात २००१ला ८७८, २०११ला ८९५. सांगली ८५१ आणि ८६७. कोल्हापूर ८३९ आणि ८६३. बीड ८९४ आणि ८०७. गडचिरोली ९६६ आणि ९६१. सातवीच्या पुस्तकात याला जोडस्तंभालेख म्हणतात. शेजारच्या मुलीचं पुस्तक आणून मी तो धडा दोनदा वाचला, लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

आकडे बघून मी जरा थबकले, कारण अध्यक्षांनी सांगितलेली गोष्ट आणि तक्त्यातली गोष्ट एक नव्हती. राज्याचं प्रमाण १९९१ला ९४६, मग ९१३, मग ८९४ असं उतरतच गेलंय हे खरं. पण आमचे तिन्ही जिल्हे त्याच दहा वर्षांत थोडे सावरलेत. घसरलाय तो बीड, तोही सत्त्याऐंशीने.

बुधवारी, १८ तारखेला, वाचनालय बंद झाल्यावर पाच जिल्ह्यांचा आलेख काढला. काय दिसावं! गडचिरोलीचा स्तंभ ताडासारखा आणि बीडचा त्याच्या निम्म्याहून बुटका. अंगावर काटाच आला. मी रंगीत प्रत काढली, दहा रुपये. घरी नेऊन यजमानांना दाखवली. ते एस.टी.त हिशोबनीस होते, आकड्यांना सरावलेले. त्यांनी बोट ठेवलं ते स्तंभांवर नाही, डावीकडच्या खालच्या आकड्यावर. "हे सातशे का?"

अक्ष शून्यापासून नव्हताच. सगळे आकडे जवळजवळचे असले की प्रोग्राम स्वतःहून खालचा भाग कापतो, फरक नीट दिसावा म्हणून. सातशेपासून मोजलं तर बीड १०७ आणि गडचिरोली २६१. डोळ्याला तीच उंची दिसते. खरं तर ८०७ म्हणजे ९६१च्या चौऱ्याऐंशी टक्के. स्तंभालेखात आपण उंची वाचतो, आकडा नंतर. स्तंभाचे पाय कापले की तो खोटं बोलायला लागतो.

खात्री करायला मी आलेख कागद आणला (दोन रुपयाला एक, पाच घेतले), पट्टी, टोकदार पेन्सिल. वाय अक्षावर एक सेंटिमीटर बरोबर शंभर. शून्यापासून. बीड आठ सेंटिमीटर आणि वर केसभर, गडचिरोली साडेनऊ आणि थोडं. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर कागद ठेवून रात्री साडेअकरापर्यंत दहा स्तंभ रंगवले. आणि लांबून पाहिलं तर दहाही जवळपास सारखे. दीड सेंटिमीटरचा फरक, तोही शोधावा लागेल असा. आमच्या जिन्यावरून जाणारा माणूस म्हणाला असता, "बरं चाललंय की."

रविवारी, २२ तारखेला, दोन्ही बैठकीत ठेवले. अध्यक्ष सरांनी लगेच पहिला उचलला. "हाच लावा. परिणाम हवा." मी म्हटलं, सर, हा पाय कापलेला आहे. चिटणीस म्हणाले, अक्षाच्या बुडाशी नागमोडी खूण करू, पुस्तकात करतात तशी. करतात, पण ती खूण पाहून कुणी डोक्यात उंची दुरुस्त करत नाही. एक सदस्या म्हणाल्या, मग खरं सांगून कुणाला दिसणार नसेल तर खऱ्याचा उपयोग काय? याला मला उत्तर सुचेना. चहा आला, विषय पुढच्या वेळी असं इतिवृत्तात लिहिलं. पुढची वेळ म्हणजे जयंतीनंतर! त्या रात्री हे काम घेतलंच का असं झालं होतं.

उत्तर सुचलं ते दुसऱ्या दिवशी, उशिरा परत आलेल्या पुस्तकांचा दंड लिहिताना. वहीत मी 'किती दिवस ठेवलं' लिहीत नाही, 'किती दिवस जास्त' लिहिते. मग इथे तरी 'किती मुली आहेत' हे का काढत बसले? लोकांना जे सांगायचंय ते 'किती कमी' हेच ना? हजारातून वजा करायचं. २०११ला सातारा १०५, सांगली १३३, कोल्हापूर १३७, बीड १९३, गडचिरोली ३९. २००१ला तेच १२२, १४९, १६१, १०६ आणि ३४. अक्ष शून्यापासून दोनशेपर्यंत. काही कापायचं नाही, काही ताणायचं नाही. बीडचा स्तंभ १०६वरून १९३वर गेलेला लांबून दिसतो आणि आमचे तिन्ही जिल्हे थोडे उतरलेलेही दिसतात.

मी इतकी खूश झाले की २४ तारखेला वाचनालयात आलेल्या डॉक्टरांना प्रत दाखवली. ते स्त्रीरोगतज्ज्ञ, आता दवाखाना मुलीकडे सोपवलाय, पण 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी लागायच्या आधीचा काळही त्यांनी पाहिलाय आणि नंतरचाही. महाराष्ट्राने १९८८मध्ये देशात सगळ्यात आधी असा कायदा केला, केंद्राचा १९९४ला आला, हे ते आलेल्या प्रत्येकाला सांगतात. त्यांनी कागद बराच वेळ पाहिला. म्हणाले, "हजार कुठून आणलात?"

"हजाराला हजार. सारखे."

"निसर्ग सारखे देत नाही. शंभर मुलींमागे साधारण एकशे पाच मुलगे जन्मतात, जगभर. हजार मुलग्यांमागे सुमारे ९५२ मुली. म्हणजे तुमच्या कमी पडलेल्यांतल्या अठ्ठेचाळीसांना माणूस जबाबदार नाही."

माझा चेहरा उतरला असणार. ते म्हणाले ९५२मधून वजा करा. करून पाहिलं. बीड १४५, पण गडचिरोली उणे नऊ! २०११चाही स्तंभ अक्षाखाली, २००१चाही. आता हे जिन्यावरच्या माणसाला कसं समजावणार? 'उणे नऊ मुली कमी' हे वाक्य मलाच दोनदा वाचावं लागलं. दोन दिवस तसाच पडून होता कागद. शेवटी हजाराचे स्तंभ तसेच ठेवले आणि ४८वर एक आडवी तुटक रेघ मारली. रेघेवर लिहिलं: 'इतका फरक निसर्गाचा'. गडचिरोली रेघेच्या खालीच, बाकी सगळे वर. रेघेच्या वर जे डोकं काढतं ते आपलं. डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले, "हां." त्यांच्याकडून एवढंच मिळालं तरी खूप.

रंगांवरून फार वेळ गेला नाही. अध्यक्षांना मुलींसाठी गुलाबी हवा होता, मी फिका आणि गडद निळा घेतला. आधी लाल-हिरवा घेऊन पाहिला होता, पण साध्या झेरॉक्सवर दोन्ही सारखेच राखाडी आले. तुमचा आलेख कुणीतरी झेरॉक्स करणारच, तेव्हा एक फिका, एक गडद. त्रिमितीचा मोह टाळा, त्यात स्तंभाचं डोकं नक्की कुठे आहे तेच कळत नाही. आकडा प्रत्येक स्तंभावर लिहिला, म्हणजे मग मागच्या आडव्या रेघांची गरज उरली नाही.

शनिवारी, २८ तारखेला, फ्लेक्सच्या दुकानात गेले. चार बाय तीन फूट, वीस रुपये चौरस फूट, दोनशे चाळीस. मालक म्हणाला मंगळवारी या. मंगळवारी गेले तर फ्लेक्स तयार, सुबक, वर सावित्रीबाईंचं चित्र, खाली हिरवी पट्टी आणि त्यावर वाचनालयाचं नाव. मी मान डोलावली, पैसे दिले, गुंडाळी काखेत घेऊन वाचनालयात आले. उलगडल्यावर गडचिरोली दिसेना.

म्हणजे नाव होतं. ते त्याने हिरव्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत नव्याने टाइप केलं होतं, कारण माझी फाईल त्याच्या संगणकावर उघडल्यावर वेलांट्या इकडच्या तिकडे झाल्या होत्या. पण पट्टी बसवायला जागा कमी पडली, म्हणून त्याने ती स्तंभांच्या पायांवरूनच घातली होती. शून्यापासून तिसाच्या आसपासपर्यंतचं सगळं पट्टीखाली. गडचिरोलीचे उरले दोन ठिपके. तुटक रेघ पट्टीवर जेमतेम तरंगत होती. महिनाभर ज्याच्यासाठी भांडले ते त्याने एका पट्टीत गिळलं होतं, आणि तेही चांगल्या मनाने.

परत गेले. तो म्हणाला, "मॅडम, खाली नुसते दांडेच होते, मजकूर काय नव्हता." मी त्याच्या टेबलावरच्या पट्टीने मोजून दाखवलं: एवढं झाकलंत म्हणजे बीड एवढं आणि कोल्हापूर एवढं. त्याने डोकं खाजवलं. चूक कुणाची यावर आम्ही फार ताणलं नाही. निम्मे त्याने सोसले, निम्मे मी, एकशे वीस. या वेळी फाईल न देता भाच्याकडून पूर्ण आलेखाचं चित्र मागवून दिलं, म्हणजे अक्षरं हलायचा प्रश्नच नाही, आणि नमुना मोबाइलवर पाहिल्याशिवाय छापू नका म्हणून तिथेच बसून राहिले. तुम्हीही बसा. २ जानेवारीला संध्याकाळी फ्लेक्स मिळाला.

खर्च असा: आलेख कागद दहा, रंगीत प्रती सहा म्हणजे साठ, फ्लेक्स दोनशे चाळीस, वर एकशे वीस. चारशे तीस. मंजूर तीनशे. वरच्या एकशे तिसासाठी वेगळं व्हाउचर, दुकानाची पावती आणि पुढच्या बैठकीचा ठराव लागतो. अजून लागतोय.

३ जानेवारीला, शुक्रवारी, कार्यक्रमाला साठेक माणसं होती. बहुतेकांनी आलेखासमोर उभं राहून फोटो काढले, आलेखाकडे पाठ करून. शाळेच्या मुली मात्र जवळ गेल्या. एक सहावी-सातवीतली मुलगी वीत लावून स्तंभ मोजत होती. बीडची २००१ची एक वीत, २०११ची दोन विती थोड्या कमी. तिने मैत्रिणीला सांगितलं, "बघ, डबल झालंय." मग तुटक रेघेवर बोट फिरवत विचारलं, "हे निसर्गाचं म्हणजे काय ओ बाई?" मी सांगितलं. तिला कळलं. समितीतल्या दोघांना मी तेच चार वेळा सांगितलं होतं.

एका गोष्टीची मात्र मी तयारी केली नव्हती. आमच्या गावातल्या एका बँकेत बीडकडचा एक तरुण आहे, वाचनालयाचा सभासद, कादंबऱ्या नेतो. सगळे गेल्यावर तो आलेखासमोर उभा होता. म्हणाला, "मॅडम, आमचाच जिल्हा का घेतला?"

"सगळ्यात खालचा म्हणून."

"जळगाव ८४२ होता. तो पण घ्यायचा की. हे बघून वाटतं, सगळा महाराष्ट्र बरा आणि आम्हीच." थोडं थांबून म्हणाला, "आणि हे चौदा वर्षांपूर्वीचं आहे. नंतर काय झालं?"

नंतरची जनगणनाच झालेली नाही, २०२१ची राहून गेली, हे मी सांगितलं. त्याने मान हलवली, पण मला माझं मन खात राहिलं. पाच जिल्हे मी निवडले होते. तीन आपल्या बाजूचे, एक वरचा, एक खालचा. आकडा एकही खोटा नव्हता, पण बीडला एकटं उभं मीच केलं होतं. आणि सालं तर अशी बारीक होती की फोटोत दिसतही नव्हती.

फ्लेक्सवर आता जिल्हा वाढवता येत नाही. शनिवारी सकाळी वाचनालय उघडल्यावर मी एक जाड कागद घेतला, मार्करने लिहिलं: 'हे आकडे २००१ आणि २०११चे आहेत. पूर्ण ३५ जिल्ह्यांचा तक्ता काउंटरवर मागा.' चिकटपट्टीने आलेखाच्या अगदी वर, सावित्रीबाईंच्या चित्राखाली लावला. आजपर्यंत तक्ता चौघांनी मागितलाय. पहिला तोच बँकेतला तरुण होता, झेरॉक्स काढून घेऊन गेला. दोन रुपये त्याच्याकडून घ्यायचे राहिले.